सूपभर कोंड्याचा अमेरिकन

जोतीराम सुभेदारांच्या घरात एक अमेरिकन नागरिक राहतो आणि त्याची वर्दी ठाण्याला दिलेली नाही, ही बातमी गावचा पोलीस पाटील बाळासो घेऊन आला, तेव्हा तो अमेरिकन नागरिक गोठ्यात उघडाबंब बसून म्हशीच्या पेंडीची चव बघत होता.

“कोन अमेरिकन?” सुभेदारांनी विचारलं.

“त्यो काय.” बाळासोनं हनुवटीनं गोठ्याकडं खूण केली.

ऋषिराज हा सुभेदारांचा नातू. वय वर्षं चार. आई कराडची, बाप इथला, पण पोरगं जन्मलं टेक्सासात, आणि तिथला कायदा असा की जो तिथं जन्मला तो तिथला. त्यामुळं तीन पिढ्या फौजेत घातलेल्या या घरात एकटा ऋषिराज तेवढा परदेशी होता. मुलगा जयराज आणि सून संयोगिता जूनमध्ये त्याला घेऊन आले, नोकऱ्या आणि घर दोन्ही एकदमच बदलायचं आहे, दिवाळीपर्यंत सांभाळा म्हणाले, आणि आल्या पावली परत गेले. पोरगं आलं तेव्हा बूट घातल्याशिवाय अंगणात उतरत नव्हतं. आता त्याला चप्पल घालायची तर दोन माणसं लागत होती.

“आरं, त्यो कसला अमेरिकन?” सुभेदार म्हणाले.

“तुमचा नातू आसंल तात्या, पर सरकारच्या दृष्टीनं पावना हाय. परदेशी मानूस घरात उतरला की लगोलग ठान्याला कळवायचं आसतंय. तुमी पावसाळाभर लपवून ठिवलाय.”

“लपवून? गावभर हिंडतोय की त्यो! काल तुज्याच दारात मुतला न्हवं का?”

“त्ये मला दिसलं. पर कायद्याला कुठं दिसलंय?” बाळासोनं आवाज खाली आणला. “नव्या मॅडम आल्यात, क्रांती मॅडम. फौजदार. पुन्याच्या हाईत. लय कडक. दुपारपतोर येत्याल चौकशीला.”

सुभेदारांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. या माणसानं सरहद्दीवर बर्फात हिवाळे काढले होते, गोळीबार चालू असताना ताटात आणखी भाजी मागितली होती. पण पोलीस म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. शत्रूचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते निदान माहीत असतं, पोलिसाचं कळत नाही, असं त्यांचं लष्करी मत होतं.

“आन् सापडला तर करत्यात काय रं?”

बाळासोला माहीत नव्हतं. पण ‘माहीत नाही’ असं म्हणणारा पोलीस पाटील गावानं अजून पाहिला नव्हता. “करत्यात काय? परत पाठवत्यात. मिळंल त्या इमानात बसवायचं आन् द्यायचा धाडून. घरचं मानूस संगं न्हाई, काय न्हाई. आन् एकदा धाडला की पुन्यांदा ह्या देशात पाय ठिवायची बंदी.”

सुभेदारांना ते विमान डोळ्यांपुढं दिसलं. दोन शिपायांच्या मधे ऋषिराज, अंगात फक्त करदोटा. त्यांनी घाईघाईनं जयराजला लागोपाठ चार-पाचदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिकडं रात्र होती. अमेरिकेची हीच खोड सुभेदारांना कधी पटली नव्हती, गरज पडावी आणि तिथं रात्र असावी.

“आवं, कशाला हातपाय गाळताय?” चुलीपुढून विजयमालाबाई बाहेर आल्या. “इचारलं तर सांगायचं, आमच्या घरात कुनी परदेशी न्हाई.”

“पोलिसास्नी खोटं सांगू?”

“खोटं कशापायी? त्यो आपला हाय कुठं? रंगुबाईचा न्हवं का? पाच बायका साक्षीला हुत्या.”

सुभेदारांनी मान डोलावली, कारण मुद्दा बरोबर होता.

झालं होतं असं, की पोरगं आलं आणि आल्या आल्या तापानं फणफणलं. कराडच्या डॉक्टरनं औषध दिलं, ताप उतरायचा आणि परत चढायचा. गोरंगोमटं पोर, सगळं गाव येऊन बघून गेलेलं. विजयमालाबाईंनी निदान केलं, दृष्ट. मग आपल्याकडं जे करतात ते त्यांनी केलं. शेजारच्या रंगुबाईला बोलावलं, पोराला सुपात बसवलं आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात तिला विकून टाकलं. नाव ठेवलं कोंडिबा. दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, हे कुठलं तरी कोंड्याच्या मोलाचं पोर आहे, याला काय लावायची! ताप उतरला. डॉक्टर म्हणाला औषधानं, पण त्याला कोंड्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. या व्यवहारातली अट एकच, पोराचं जावळ काढेपर्यंत घरच्यांनी त्याला ‘आमचा’ म्हणायचं नाही. म्हटलं की दृष्टीला पत्ता लागतो. जावळ दिवाळीच्या तोंडावर कुलदैवताला काढायचं होतं.

तेव्हा पोराला उचलून रंगुबाईच्या घरी पोचवण्यात आलं. रंगुबाई म्हणजे विधवा, एकटी, आवाज असा की तिनं आपल्या कोंबड्या हाकलल्या तर नदीपलीकडच्या गावातल्या कोंबड्या घरात शिरत. विजयमालाबाईंनी तिला बजावलं, “कुनीबी इचारू दे, माजा हाय म्हनायचं. मागं सरायचं न्हाई.”

“म्या कवा सरलीया मागं?” रंगुबाई म्हणाली, आणि ते खरं होतं. पुढं सगळं त्यामुळंच घडलं.

जीप आली. मॅडम उतरल्या, त्यांच्यामागून हवालदार तवनाप्पा उतरले. तवनाप्पा सांगलीकडचे, नोकरीची शेवटची वर्षं, या भागातली माणसं, बांध आणि भांडणं तोंडपाठ. वाटेत त्यांनी प्रत्येक गावाचा इतिहास इतका सांगितला होता, की शेवटी मॅडमनी त्यांना ताकीद दिली होती, “चौकशी मी करणार. तुम्ही फक्त लिहायचं. मधे बोलायचं नाही.”

मॅडमनी खुर्ची घेतली, पाणी घेतलं. सुभेदार सावधान उभे होते. “बसा ना आजोबा,” मॅडम म्हणाल्या, तशी त्यांची भीती आणखी वाढली. पोलीस गोड बोलायला लागला की समजावं, पुढं प्रकरण लांबणार आहे.

“तुमच्याकडे परदेशी पाहुणा उतरलाय?”

“आमच्या घरात कुनी परदेशी न्हाई, साहेब.” सुभेदार समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले.

“विमानतळावरच्या नोंदीत हाच पत्ता आहे. ऋषिराज जयराज, वय चार. देशाबाहेर गेल्याचं दिसत नाही. मग मुलगा कुठाय?”

सुभेदारांना थेट प्रश्नाला थेट उत्तर द्यायची तीस वर्षांची सवय होती. “दिला, साहेब.”

“दिला म्हणजे? कोणाला?”

“शेजारी.”

“दत्तक?”

“न्हाई, न्हाई,” विजयमालाबाईंना राहवलं नाही. नवऱ्याला धड काही सांगता येत नाही, हा अनुभव जुनाच होता. “दत्तक कशाला दिऊ? इकला.”

तवनाप्पांचं लिहिणं थांबलं. मॅडमचं पाणी पिणं थांबलं. गोठ्यात म्हशीचं रवंथ तेवढं चालू राहिलं.

“विकला?”

“सूपभर कोंड्याला. ताप हटंना, मग काय करता?”

“मॅडम,” तवनाप्पा खाकरले, “ही हिकडं एक पद्धतच—”

“हवालदार, मधे बोलू नका. लिहा.” मॅडमचा आवाज थंड झाला होता. “आजारी मूल. विकलं. पद्धतशीर. मुलाच्या आईवडलांना माहीत आहे?”

“त्यास्नी कशाला सांगायचं? त्येंचा इस्वास न्हाई असल्या गोष्टींवर,” विजयमालाबाई म्हणाल्या.

 सकाळी प्रश्न पोराला विमानात बसवण्याचा होता. आता बायकोला जीपमध्ये बसवायची पाळी दिसत होती.

मंडळी रंगुबाईच्या अंगणात आली. रंगुबाई दारातच उभी होती, कमरेवर दोन्ही हात ठेवून. तिच्यामागं उंबऱ्यावर कोंडिबा होता. चार महिन्यांच्या उन्हापावसानं रापलेला, जावळ खांद्यावर आलेलं, नाक वाहतं, हातात अर्धी भाकरी. उरलेली अर्धी शेजारच्या कोंबडीपुढं.

“हा मुलगा कोणाचा?” मॅडमनी विचारलं.

“माजा.”

“तुम्ही जन्म दिलाय?”

“ह्या वयात? काय बोलन्याची रीत हाय का? इकत घेतलाय. पाच बायकांम्होरं.”

“याच्या बापाचं काय म्हणणं?”

“त्यो तिकडं अमेरिकेत. त्येचा काय संबंध? कोंडा माजा गेलाय.”

मॅडमनी खोल श्वास घेतला. “बाई, असं मूल तुम्ही पहिल्यांदाच घेतलंत, की आधीही घेतलीत?”

सुभेदारांनी रंगुबाईला डोळ्यांनी खुणावलं. पण आपल्या हाताच्या गुणाबद्दल आजवर तिला कुणी सरकारी माणसानं विचारलं नव्हतं. तिचा चेहरा उजळला.

“आधी? आवं साह्यबीन, निम्मं गाव माजंच हाय! सरपंचाच्या दोन्ही पोरी म्याच घेतल्या. डेरीचा चेअरमन घेतला. माजा हात लागला की पोर जगतंय म्हंत्यात, लांबलांबनं आनून इकत्यात. तासगावाकडनं एक जोडपं आलतं, त्येंची जुळी हुती, ती एकाच सुपात घेतली. आन् ह्यो बाळासो हाय न्हवं?” तिनं पोलीस पाटलाकडं बोट केलं. “ह्यो बी माजाच. लय किरकिऱ्या हुता. ह्येला तर अर्ध्या सुपात घेतला.”

 मॅडम सावकाश वळल्या.

“पोलीस पाटील, तुम्हाला विकलं होतं?”

“मॅडम, मी ल्हान हुतो,” बाळासो पडेल आवाजात म्हणाला. “मला इचारलं न्हवतं.”

“मॅडम, जरा मी—” तवनाप्पा.

“लिहा!” मॅडम बाजूला झाल्या आणि त्यांनी फोन लावला. सुभेदारांच्या कानावर तुकडे येत होते. ‘सर, मोठी टोळी दिसतेय.’ ‘हो, पोलीस पाटीलसुद्धा.’ ‘आंतरराष्ट्रीय, सर.’ ‘नाही सर, पैशात नाही, कोंड्यात.’ पुढं बराच वेळ मॅडम नुसत्या ऐकत होत्या. साहेबांनी बहुधा परत विचारलं असावं, कशात.

 आयुष्यात एकदाही न घेतलेली माघार सुभेदारांनी घेतली. पुढं झाले, टाच जुळवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताप, सूप, कोंडा, जावळ. शेवटी म्हणाले, “साहेब, चूक माजी हाय. मला न्या. पर ह्या पोराला एकट्याला इमानात बसवू नगा. त्येला अंधारात भ्या वाटतंय. ह्योच माजा नातू. ह्योच अमेरिकन.”

‘माजा नातू’ म्हटल्याबरोबर विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस पाळलेलं व्रत मोडलं होतं.

मॅडमनी फोनवर नोंदीतला फोटो उघडला. गोरा, गुबगुबीत, भांग पाडलेला, निळा स्वेटर घातलेला एक मुलगा. मग त्यांनी कोंडिबाकडं पाहिलं. मग परत फोटोकडं. त्या गुडघे टेकून खाली बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “व्हॉट इज युअर नेम, बेटा?”

पोरानं भाकरीचा घास गिळला. “कोंडिबा.”

“व्हेअर इज युअर मॉमी?”

पोरानं मान वर करून रंगुबाईला विचारलं, “आये, काय म्हंती गं ही बया?”

मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “आजोबा, खरं सांगा. अमेरिकन मुलगा कुठाय?”

सुभेदारांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळलं, दुसरंच पोर पुढं करून खरं लपवलंय असं मॅडमना वाटत होतं. सकाळ घरात अमेरिकन नाही हे पटवण्यात गेली होती, आता तो आहे हे पटवायचं होतं, आणि हे काम जास्त अवघड निघालं.

“ह्योच की वो! बोल रं बाळा, तुजं त्ये बोल की, विंग्रजी! आला तवा किती बोलायचास!”

सगळं अंगण पोराच्या तोंडाकडं बघू लागलं. विजयमालाबाई हात जोडून म्हणाल्या, “बोल की माज्या राजा.” बाळासो म्हणाला, “येस म्हन, नुस्तं येस म्हन.” एवढी माणसं आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर अमेरिकन नागरिकानं छाती फुगवली, भाकरीकडं चोच नेणाऱ्या कोंबडीकडं वळला आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडला, “हाऽऽड तिच्या मायला!”

उच्चार अगदी शुद्ध होता. शंकेला जागाच राहिली नाही.

“तवनाप्पा,” मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांना जीपमध्ये घ्या.”

त्याच वेळी सुभेदारांच्या खिशातला फोन वाजला. इतके फोन येऊन गेलेले पाहून जयराज अंथरुणातून घाबरून उठला होता. पडद्यावर त्याचा विस्कटलेला चेहरा दिसला. “तात्या, काय झालं? ऋषी बरा आहे ना?”

“आरं, ह्यो बग ऋषी! सांग साहेबास्नी, ह्योच तुजा ल्योक हाय म्हनून!” सुभेदारांनी फोन पोराच्या तोंडापुढं धरला. 

जयराजनं डोळे चोळले, निरखून पाहिलं. “हा कोण? तात्या, ऋषी कुठाय?”

सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. शत्रूचं तोंड कुठल्याही बाजूला असू शकतं, हे त्यांना या वयात नव्यानं कळलं. आजवर फोनवर बोलताना विजयमालाबाई पोराला आंघोळ घालून, पावडर लावून, तेवढ्यापुरता एक शर्ट अडकवून बसवत असत. जयराजनं आपला मुलगा असा मूळ स्वरूपात कधी पाहिलाच नव्हता.

पडद्यावर झटापट झाली. नवऱ्याला बाजूला ढकलून संयोगिता दिसली. तिनं एक नजर टाकली आणि तिचा आवाज अंगणात घुमला, “ऋषी! व्हेअर आर युअर शूज?”

पोरगं दचकलं. भाकरी हातातून पडली, कोंबडीनं पळवली. मान खाली घालून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत ते अस्सल टेक्सासच्या हेलात म्हणालं, “आय डोन्ट नो, मॉम. द बफेलो एट वन.”

रंगुबाईनं तोंडाला पदर लावला. आपण सूपभर कोंड्यात काय घेतलंय, ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, “हवालदार, तुम्हाला काही बोलायचं होतं का?”

तवनाप्पांनी सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, “मला बी इकलंतं मॅडम ल्हानपनी. आमच्याकडं लाह्यांवर इकत्यात.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

तवनाप्पांनी आपल्या मॅडमकडं आदरानं पाहिलं आणि मधे न बोलण्याचा हुकूम पाळला.

मॅडमनी साहेबांना पुन्हा फोन लावला. तो फोन त्यांनी अंगणाच्या पार टोकाला जाऊन, पाठ करून केला. परत आल्या तेव्हा कान लाल झाले होते. पण चहा घेतला, आणि चहाबरोबर आवाजही माणसात आला. म्हणाल्या, “आजोबा, एवढं घाबरायचं काय होतं? नुसती माहिती कळवायची होती. राहिली होती, आता तवनाप्पा भरून देतील. मुलाला कोण कशाला नेतंय?”

“मंजी इमानात न्हाई बसवत?” सुभेदारांचा विश्वास बसेना.

“छे हो. कोणी सांगितलं तुम्हाला?”

सुभेदारांनी बाळासोला शोधलं. पोलीस पाटील कुणाच्या लक्षात न येता पांदीनं उसात दिसेनासा झाला होता.

“निवांत राहू द्या त्याला,” मॅडम उठता उठता म्हणाल्या. “व्हिसा दिवाळीपर्यंत आहे. आईवडील येतीलच न्यायला. आम्हाला काही करावं लागत नाही, मुदत संपली की तो आपणहूनच जाईल.”

त्या हे अगदी सहज, धीर द्यावा म्हणून बोलल्या.  पण सकाळपासून अंगणात न मावणारा रंगुबाईचा आवाज कुठं गेला, कळेना. ती नुसती म्हणाली, “मंजी जानारच व्हय?” विजयमालाबाई पोराचं नाक पुसू लागल्या. ते केव्हाच पुसून झालं होतं, तरी पुसत राहिल्या.

सुभेदार मॅडमच्या मागोमाग जीपपर्यंत गेले. मॅडम आत बसल्या, तरी ते दार धरून उभेच. आयुष्यात पहिल्यांदा एक पोलीस जायला निघाला होता आणि त्यांना तो जाऊ नये असं वाटत होतं.

“काही राहिलं का, आजोबा?”

“साहेब,” त्यांनी मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. “दिवाळीला त्यो निघंल तवा... त्येला जाताना आडवता येतंय का वो तुमाला?”

 मॅडम हळूच म्हणाल्या, “अडवायला काहीतरी गुन्हा लागतो, आजोबा.”

जीपच्या मागच्या बाजूला खडखडाट झाला. ऋषिराज चाकाजवळ बसून, जीभ बाहेर काढून, सरकारी वाहनाच्या धुराच्या नळकांड्यात ओंजळ ओंजळ चिखल भरत होता. सुभेदारांनी ते बघितलं. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, परत मिटलं, आणि मॅडमच्या जरा आणखी जवळ सरकून त्यांनी विचारलं,

“केवढा लागतोय?”